मोरवा ते सिरोंचा, एक्केचाळीस मिनिटं

सिरोंच्याच्या लग्नाला जायचं ठरलं तेव्हा पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर बोटं फिरवून जाहीर केलं, "मामा, चंद्रपूरहून विमानाने ४१ मिनिटं!" हवाई अंतर साधारण १५० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने ११ मिनिटं, वर चढण्या-उतरण्याची ठरलेली ३०. आता, चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे खरी, पण तिथे मंत्र्यासंत्र्यांची विमानं उतरतात. तिकीट काढणाऱ्याची सोय नाही. सिरोंच्याला उतरायचं तर प्राणहितेच्या वाळूतच. पण गणिताला विमानतळ कशाला हवेत? नकाशावर दोन टिंबं असली की भागतं.

आम्ही लाल गाडीने निघालो. बल्लारपूर गेलं, गोंडपिपरी गेली, आष्टीच्या पुलावर वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्हा लागला. १९८२ पर्यंत हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, म्हणजे तेव्हा एवढं अंतर कापून माणूस जिल्ह्याबाहेरसुद्धा पडत नसे. आलापल्लीला उतरून काळी-पिवळी धरली आणि प्रवास थांबला.

काळी-पिवळी घड्याळावर सुटत नाही, माणसांवर सुटते. नऊ जण कोंबले, तरी ड्रायव्हर खाली उभा. "दोघं येऊन रायले ना जी." दोघं आले, त्यांच्यामागून एक पोतं आलं. शेजारच्या आजींनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पिशवीतून कोंबड्याने मुंडी काढून माझ्या घड्याळाकडे पाहिलं. ५२ मिनिटं झाली होती. मी बसलो त्याच क्षणी भाच्याचं विमान मोरव्याहून उडालं असतं, तर ते सिरोंच्याला उतरूनही ११ मिनिटं झाली असती.

सुटली एकदाची. दोन्हीकडे साग, आणि तासाभराने बघावं तर तोच साग. कमलापूरचा फाटा आला. तिथे वनखात्याचे हत्ती आहेत, पण उतरले मास्तर. विमानात सूचना दोन भाषांत देतात म्हणे. आमच्या गाडीत आलापल्लीला मराठी होती, मध्ये माडिया चढली आणि जिमलगट्ट्याच्या पुढे तेलुगूने खिडकीची जागा पकडली.

वेळ जावा म्हणून मी आजींना भाच्याचं गणित सांगितलं.

"अन् सिरोंच्याहून मुंबई?"

"साडेसातशे किलोमीटर. दीड तास."

"अन् आलापल्ली-सिरोंचा?"

मी मनात मांडलं. "उडायची पाच मिनिटं, अन् चढा-उतरायची तीस. पस्तीस."

आजींनी कोंबड्याची मुंडी आत दाबली. पुढून ड्रायव्हर म्हणाला, "चढा-उतराचे तं आमी बी धरतोच जी," आणि त्याने ब्रेक मारला. रस्त्याकडेला तिघं उभे होते, एक बकरी घेऊन.

"सरका जी थोडंसं."