पहिल्या वर्गातल्या पहिल्या जागेसाठी

प्रथम वर्गातील सर्वोत्तम आसनाच्या शोधात असलेल्या महोदयांस,



आपल्यासमोर लुफ्तान्साच्या बोइंग 747-8 चा नकाशा उघडा आहे असे धरून चालू. त्या विमानात तीनशेहून अधिक माणसे बसतात आणि त्यांतली आठजण विमानाच्या नाकात, म्हणजे प्रथम वर्गात. या आठांतली एक जागा आपली, हे ठरलेले आहे. प्रश्न उरला तो कोणती एवढाच. मागे इकॉनॉमीत तीन-चार-तीनच्या रांगांत मधली सीट वाट्याला येऊ नये म्हणून लोक देव पाण्यात ठेवून बसलेले असतात. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण तिथे एका अक्षराच्या फरकाने दहा तासांचा प्रवास दोन परक्या कोपरांमध्ये काढावा लागतो. आपल्या आठही जागांचा मात्र पलंग होतो, आठही जणांपुढे तेच कॅव्हिअर येते आणि आठही जणांच्या बॅगा पट्ट्यावर आधी येतात. तरीही नकाशा घेऊन जास्त वेळ बसता ते आपणच. त्यामुळे आपला शोध आरामाचा आहे, हे आपले म्हणणे मान्य करणे जड जाते. तो मानाचा आहे अशी शंका येते. ही शंका पुराव्यानिशी मांडावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी शरीराचे पाहू. विमान कितीही उंच उडाले तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका राखला जातो. तो पहिल्या रांगेत जितका, तितकाच शेवटच्या रांगेत. हवा इतकी कोरडी असते की मीठ आणि साखर दोन्हींची चव जिभेला कमी लागते, आणि हा नियम तिकिटाची किंमत विचारत नाही. हेलकावे म्हणाल, तर विमान सर्वांत स्थिर असते पंखांच्या वर. शेपूट जास्त झुलते आणि नाकही पंखांइतके शांत नसते. म्हणजे स्थैर्य हाच निकष लावला, तर सर्वोत्तम जागा पंखावर बसलेल्या, गुडघे हनुवटीशी आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची ठरते. सुरक्षिततेचा हिशोब तर त्याहून अडचणीचा. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकाने 2007 मध्ये 1971 पासूनचे तिथले विमान अपघात तपासले, तेव्हा मागच्या भागातले 69 टक्के प्रवासी वाचल्याचे दिसले आणि अगदी पुढच्या भागातले 49 टक्के. प्रत्येक अपघात वेगळा, त्यामुळे असल्या सरासरीवरून सीट ठरवू नये असे आपण म्हणाल. कबूल. पण ती ठरवण्याचा विचारसुद्धा आजवर प्रथम वर्गात कुणाच्या मनाला शिवलेला दिसत नाही, एवढी नोंद असू द्या. एका बाबतीत मात्र आपली बाजू खरी आहे. इंजिनांच्या पुढे बसलेल्याला त्यांचा आवाज कमी येतो. पण हा लाभ सगळ्या प्रथम वर्गाचा आहे, त्यातल्या एका आकड्याचा नव्हे.

आता खुद्द त्या आकड्याकडे येऊ. 747 मध्ये वैमानिक वरच्या मजल्यावर बसतो आणि नाक त्याच्या खाली, पुढे निघालेले असते. त्यामुळे पहिल्या रांगेतला प्रवासी चक्क वैमानिकाच्याही पुढे असतो. अहंकाराला याहून उंच पाट विमानशास्त्राने आजवर दिलेला नाही. त्या जागेत गुण नाहीत असे नाही. तिच्या पुढे कुणाला जायचे नसते, म्हणून शेजारून वर्दळ नाही. पण नाक निमुळते असल्यामुळे पहिल्या रांगेतल्या डाव्या-उजव्या जागा एकमेकींच्या जवळ सरकतात. ज्या एकांतासाठी आपण पुढे गेलात, त्या एकांताला तिथेच एक भागीदार भेटतो.

शंका पक्की करणारा पुरावा कॉन्कॉर्डचा. शंभर जागांचे ते विमान एकाच वर्गाचे होते. दोन-दोनच्या रांगा, अरुंद सीट, तळहाताएवढ्या खिडक्या, सर्वांना तेच जेवण. तरी केबिनचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होते, आणि बघता बघता पुढचा भाग प्रतिष्ठेचा ठरला. पहिल्या रांगांसाठी वजन वापरले जाई. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना सेकंदाला सुमारे सहाशे मीटर अंतर कापत असे आणि त्याची सगळी लांबी साधारण 62 मीटर. म्हणजे नाकातला प्रवासी शेपटीतल्या प्रवाशाहून पुढे होता तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने. वर्ग नव्हता, आराम सारखा होता, तरी माणसांनी आपापसांत वर्ग घडवलाच. जिथे फरक उरत नाही तिथेही पुढे-मागे उरतेच, हे 2003 मध्ये कॉन्कॉर्ड निवृत्त होईपर्यंत सिद्ध होत राहिले.

विमान कंपन्यांना आपला हा स्वभाव आपल्यापेक्षा चांगला कळला आहे. एमिरेट्सने 2017 मध्ये बोइंग 777 साठी नवे सहा बंदिस्त सुइट आणले, एकेका रांगेत तीन. मधल्या सुइटला खिडकी असणे शक्यच नव्हते. म्हणून तिथे खोट्या खिडक्या बसवल्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले आकाश त्यांत दाखवले. रात्रभर पडदे ओढून झोपणाऱ्या प्रवाशालाही खिडकी नसल्याचे दुःख होते, हे ओळखणाऱ्याच्या व्यापारी बुद्धीला दाद द्यायला हवी. एतिहादने तर कमालच केली. आपल्या ए-380 मध्ये प्रथम वर्गाच्या नऊ ‘अपार्टमेंट’ ठेवल्या आणि त्यांच्याही पुढे ‘रेसिडेन्स’ नावाचे दहावे घर थाटले, त्यात बैठकीची खोली, शयनगृह आणि शॉवर. 2016 मध्ये हे विमान मुंबईलाही येऊ लागले. रेसिडेन्सचे क्षेत्रफळ 125 चौरस फूट, वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160. मुंबईकराला त्या आलिशानपणाचे अप्रूप किती वाटावे हा वेगळा विषय. मुद्दा असा की त्या विमानात प्रथम वर्गाचे तिकीट काढलेला प्रवासी दारातून शिरताक्षणीच दुसऱ्या वर्गाचा झालेला असे.

आपण म्हणाल, गॅलीजवळच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराजवळच्या, जागेत खरोखरच त्रास होतो. भांड्यांचा खणखणाट, पडद्याच्या फटीतून येणारा उजेड, शौचालयाच्या दाराचा आवाज. हे सगळे खरे आहे आणि त्यातून एक उपयुक्त नियम निघतो: गॅली आणि शौचालय यांना लागून असलेली जागा टाळावी. हा नियम अमलात आणायला नकाशावर दोन मिनिटे पुरतात. उरलेल्या रात्री आपण कशावर घालवता, हा माझा प्रश्न आहे.

आपला दुसरा आक्षेप पैशाचा असणार. एवढे मोजले तर सर्वोत्तम का मागू नये? इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. विमान कंपनी ही कशाचेही पैसे मागायला लाजणारी संस्था नाही. इकॉनॉमीत पाय पसरायला जागा हवी तर जादा, पुढची रांग हवी तर जादा, काही ठिकाणी सोबतच्या बॅगेचेही पैसे. लुफ्तान्साने आपल्या नव्या अ‍ॅलेग्रिस केबिनमध्ये बिझनेस वर्गातल्या खास जागांवरही वेगळी किंमत लावली, कारण तिथे एक जागा दुसरीपेक्षा लांब किंवा रुंद आहे. याउलट पारंपरिक प्रथम वर्गात आपण कोणतीही सीट निवडलीत तरी तिकीट तेच. त्या जागांमध्ये विकण्याजोगा फरक असता, तर ज्यांनी खोटी खिडकी बनवली ते तो फुकट सोडतील असे आपल्याला खरेच वाटते? बाजाराने दिलेली ही साक्ष कुठल्याही तज्ज्ञाच्या सल्ल्याहून मोलाची आहे.

तिसरा आक्षेप आपण सभ्यपणामुळे उच्चारणार नाही, म्हणून मीच मांडतो, म्हणजे काम सोपे होईल: हे सगळे कोल्ह्याला द्राक्षे आंबट असे आहे. असेल. पण द्राक्षे आंबट की गोड हे कोल्ह्याच्या उंचीवर अवलंबून नसते, आणि आपण तर वेलाखालीच बसून कोणता घोस अधिक गोड यावर झुरत आहात.

शिवाय वेळ थोडा आहे. ब्रिटिश एअरवेजने 1990 च्या दशकाच्या मध्यात प्रथम वर्गात सपाट पलंग दिला आणि 2000 मध्ये तोच बिझनेस वर्गातही आणला. तेव्हापासून प्रथम वर्गाचे कारणच पातळ होत गेले. जेट एअरवेजने 2007 मध्ये आपल्या 777 विमानांत दारे असलेले आठ सुइट आणले होते, ती कंपनी 2019 मध्ये जमिनीवर आली. एअर इंडियाने 777-300 मध्ये प्रथम वर्गाच्या चारच जागा ठेवल्या आणि 2024 मध्ये आलेल्या ए-350 मध्ये एकही नाही. चार जागांतून सर्वोत्तम निवडणे म्हणजे ब्रिजच्या टेबलावर दिशा निवडण्यासारखे.

तेव्हा सल्ला हवाच असेल तर असा: एमिरेट्सच्या 777 मधला, कॅमेऱ्याच्या खिडकीचा मधला सुइट घ्या. बाकीचे सहप्रवासी कडेच्या जागांसाठी धडपडत असल्यामुळे तो आपल्याला विनासायास मिळेल. पलंग तोच, दार तेच, जेवण तेच. आकाश कंटाळवाणे वाटले तर ते बंद करण्याचीही सोय आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला हितचिंतक,
रांग 43, मधली सीट

ता. क. — तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की कंपनी विशिष्ट आसनाची हमी देत नाही. ऐनवेळी विमान बदलले की संगणक सगळ्यांना नव्याने बसवतो. तसे झाल्यास काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका, तिनेही नकाशा त्याच सकाळी पाहिलेला असतो.