वेच, वेचणी, वेचा

विदर्भातल्या समुद्रपूर या गावाच्या नावाचा विग्रह विचारला की पोरं ‘समुद्राचे पूर’ लिहून मोकळी होतात. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग हा पूर पाण्याचा की गावाचा, हे कोणी सांगत नाही. संस्कृत ‘पुर’ म्हणजे नगर. मराठीत त्यातला उकार लांबतो आणि प्रत्यय लागला की पुन्हा आखडतो. म्हणून समुद्रपूर, पण समुद्रपुरात. एवढं गावाच्या नावातच शिकवून होतं.

वर्गात मात्र शब्दसिद्धी म्हणजे ‘प्रतिदिन’ आणि ‘यथाशक्ती’. अहो, यथाशक्ती कोणाच्या घरी बोलतात? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. उदाहरणं तीच राहिली.

‘फवारणी’ घ्या. मूळ शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘फवारा’ झाला. आपण नामाचं क्रियापद केलं, फवारणे. त्या धातूला ‘णी’ लावून पुन्हा नाम केलं, फवारणी. वखर, वखरणे, वखरणी ही वाट मळलेलीच होती. परका शब्द त्याच वाटेनं वावरात शिरला. ज्याच्या बापाच्या पाठीवर पंप आहे त्या पोराला साधित शब्द समजायला अजून काय हवं?

आणि ‘बोंडअळी’. बोंडाची अळी म्हणावं तर षष्ठी तत्पुरुष. पण शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, बोंड पोखरणारी अळी. ‘पोखरणारी’ हे मधलं पद गळालं, म्हणून मध्यमपदलोपी. पुरणपोळीच्या पंगतीतला समास. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हा ते गळालेलं पद इथल्या माणसानं एकेक बोंड फोडून पाहिलंय. हा समास त्याच्या पोराला पाठ करायला लावू नका, त्यालाच फोडू द्या.

परवा सातवीतल्या एका मुलीची वही पाहिली. ‘उद्या आई कापूस वेचाले जाणार.’ ‘वेचाले’भोवती लाल गोल, वर ‘वेचायला’. प्रमाण लेखनात ‘वेचायला’ यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘ले’ आणि ‘ला’ एकच काम करतात आणि दोन्हींच्या पोटात धातू ‘वेच’च आहे, हे त्या गोलाशेजारी लिहायला किती शाई लागली असती? लाल गोल पाहून पोरगी एवढंच शिकते की आपली आई चुकीचं बोलते.

मी तिला विचारलं, ‘वेच’पासून आणखी काय काय होतं गं? तिनं बोटं मोजली. ‘वेचणी. वेचणारी. वेचलेला.’ थोडी थांबली. ‘आन् पहिला वेचा.’

‘वेचा’ मला सुचला नव्हता. चारही शब्द कृदंत. व्याख्या तिला अजून शिकवलेली नाही.