मा. रिक्त पद यांस

प्रति,
मा. श्री. रिक्त पद,
ग्रंथपाल (अनुदानित), वरिष्ठ महाविद्यालय,
महाराष्ट्र राज्य.



आपली-माझी समोरासमोर गाठ पडलेली नाही, पण आपली खुर्ची मी पाहिली आहे. ग्रंथालयात शिरलं की डाव्या हाताला काचेची केबिन, दारावर ‘ग्रंथपाल’ अशी पाटी, टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि खुर्चीवर आपण. आधीचे ग्रंथपाल नियत वयोमानानुसार निवृत्त झाले, त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवशी आपण रुजू झालात. तेव्हापासून आपली एकही रजा नाही. वेतनवाढ मागितली नाहीत, संघटनेत गेला नाहीत, पुस्तकखरेदीवरून प्राचार्यांशी हुज्जत घातली नाहीत. दहाव्या वेतनस्तराचं ५७,७०० रुपये मूळ वेतन आपण दरमहा न घेता सोडून देता. इतका निःस्वार्थी सेवक शासनाला पुन्हा मिळायचा नाही. तरीही आपण उठावं आणि मी बसावं, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र. खुलं अशासाठी, की बंद पाकिटातले अर्ज आवक विभागाच्या पुढे जात नाहीत.

आधी पात्रता सांगते. पदवीनंतर एक वर्ष बी.लिब., पुढे एक वर्ष एम.लिब., त्यात किमान ५५ टक्के, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सगळं झालं आहे. नेटमध्ये आमच्या विषयाचा क्रमांक ५९. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास. त्यात जोड्या लावायच्या आणि घटना कालानुक्रमे मांडायच्या. ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण कोलंबिया, बडोदा, लाहोर आणि मद्रास इथे कधी सुरू झालं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन : १८८७, १९११, १९१५, १९२९. आपल्याला हे यायची गरज नाही. रिक्त राहायला नेट लागत नाही.

आमची आत्या विचारते, “पुस्तकं द्यायला-घ्यायला डिग्री कशाला लागते गं?” तिला मी कुसुमाग्रजांचं उदाहरण देते. ‘विशाखा’वर नाव कुसुमाग्रज, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. माणूस एक, मग ग्रंथालयाच्या तालिकेत लेखक किती? नियम असा, की एकाच लेखकाने दोन प्रकारच्या लेखनासाठी दोन नावं जाणूनबुजून वापरली असतील, तर दोन्ही राखायची आणि एका नावाशी आलेल्या वाचकाला दुसऱ्याकडे पाठवणारी नोंद करायची. आता ज्ञानेश्वरी घ्या. ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाच्या दशांश वर्गीकरणात ती गीतेवरचं भाष्य म्हणून २९४.५९२४ ला बसते आणि मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ ला. दोन क्रमांकांच्या मध्ये अर्धं ग्रंथालय येतं. पहिल्या जागी ठेवली तर भाविकाला सापडेल, दुसऱ्या जागी ठेवली तर मराठीच्या विद्यार्थ्याला. कुणाला पायपीट करायला लावायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. याच ड्युईने ख्रिस्ती धर्माला २२० ते २८९ अशी ऐसपैस ओसरी दिली आणि हिंदू, बौद्ध, जैन यांना २९४ या एका खोलीत दाटीवाटीने बसवलं, हेही आमच्या वर्गातच कळतं. पुस्तक कुठे ठेवलं यावरून ते कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरतं. मला हा विषय मनापासून आवडतो. आत्या इथपर्यंत ऐकते आणि चहा टाकायला उठते.

प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र ही चर्चा निघत नाही. तिथे साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं तालिकापत्र समोर येतं. ओहायोतली ओसीएलसी ही संस्था जगभरच्या ग्रंथालयांना अशी पत्रं छापून पुरवत असे. तिने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटचं पत्र छापलं आणि ते काम थांबवलं. ही बातमी आमच्या बहिःस्थ परीक्षकांपर्यंत अजून पोचलेली नाही. लेखकाचं आडनाव कुठल्या उभ्या रेघेपासून सुरू केलं, यावर मार्क जातात, अक्षरावरही जातात. ड्युईच्या काळी विद्यार्थ्यांना पत्रावर लिहिण्यासाठी खास वळणाचं अक्षर शिकवत. ती परंपरा आम्ही जिवापाड जपली आहे. संगणकाचं म्हणाल, तर ‘कोहा’ ही ग्रंथालयाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडच्या एका ग्रामीण ग्रंथालयात २००० साली सुरू झाली. तिचे फायदे लिहिले, मर्यादा लिहिल्या, दहा मार्कांची टीप लिहिली. ती उघडून पाहायचं राहिलं, कारण संगणक कक्षाची किल्ली ज्या सरांकडे होती ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात होते.

आपल्या घराण्याचा इतिहासही मी वाचला आहे. ड्युईने कोलंबियात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली तेव्हा २० विद्यार्थ्यांपैकी १७ बायका होत्या. विश्वस्तांना ते खपेना, त्यांनी खोली नाकारली, तरी वर्ग भरलाच. बडोद्यात सयाजीराव महाराजांना राज्यभर ग्रंथालयं काढायची होती. ती चालवायला माणसं लागणार, म्हणून त्यांनी अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणलं आणि १९११ मध्ये वर्ग सुरू झाला. पुढच्या वर्षी बडोद्यातून ग्रंथालयांविषयीचं त्रैमासिक निघालं, इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीतही. आधी काम ठरलं आणि कामासाठी शिक्षण आलं, हा क्रम आपण कृपया लक्षात घ्यावा.

आणि मद्रास! तिथे विद्यापीठाने ग्रंथपालाचं पद काढलं तेव्हा सुमारे ९०० अर्ज आले. त्यांतल्या एकानेही ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. विद्यापीठाने तरीही पद भरलं. गणिताचे एक प्राध्यापक निवडले, ते जानेवारी १९२४ मध्ये रुजू झाले आणि लवकरच कंटाळून ‘मला परत वर्गावर पाठवा’ म्हणू लागले. विद्यापीठाने त्यांची समजूत घातली आणि शिकायला लंडनला धाडलं. तेच शियाळी रामामृत रंगनाथन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, पुढे पुस्तकांचं द्विबिंदू वर्गीकरण दिलं. त्यांचा जन्मदिवस म्हणून आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा करतो. म्हणजे शिकलेला एकही उमेदवार नसताना पद भरता येत होतं. आता ९०० अर्ज आले तर ९०० जण एम.लिब. निघतील, निम्मे नेट-सेट असतील, काही पीएच.डी. असतील, आणि खुर्चीवर आपण असाल. वर १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालायचा मान कुणाचा, तर प्रभारी ग्रंथपालांचा. आपण त्या कार्यक्रमाला हजर असता. फोटोत फक्त दिसत नाही.

प्रभार कागदावर इतिहासाच्या सरांकडे आहे. ग्रंथालय चालवतात परिचर मामा. ‘ते निळ्या कव्हराचं अर्थशास्त्र’ एवढं सांगितलं की मामा सरळ रॅकपाशी जातात. आमच्या अभ्यासक्रमात संदर्भसेवेवर अख्खा पेपर आहे. ‘निळं कव्हर’ हा प्रश्न त्यात कुठेच नाही. देवघेवीच्या खिडकीशी एक सत्र उभं राहून, आलेल्या माणसाला नेमकं काय हवं आहे ते त्याच्या अडखळत्या वाक्यातून काढायला मला मामांनी शिकवलं असतं, तर ते विद्यापीठाच्या प्रमाणपत्राहून उपयोगी पडलं असतं. मामांना वर्गीकरण मी शिकवलं असतं. असा सौदा करायला ग्रंथालयात ग्रंथपाल असावा लागतो. मामा आता निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी आपल्याच भावकीतलं कुणी येणार, असं ऐकते.

आपण जरा सरकून बसता ते फक्त नॅकची समिती यायची असते तेव्हा. निकष ४.२ ग्रंथालयाचा. संगणकीकरण किती, पुस्तकांवर खर्च किती, रोज किती विद्यार्थी-शिक्षक येतात, सगळं दाखवावं लागतं. मग माझ्यासारखीला बोलावणं येतं : तात्पुरत्या स्वरूपात, एकत्रित मानधनावर, ‘अनुभव म्हणून’. बारकोड चिकटवले जातात, आणि वाचकांच्या हजेरीची वही एकाच पेनाने, वेगवेगळ्या सह्यांनी, मन लावून भरली जाते. समिती समाधानी होऊन जाते. मी माझ्या पिशवीसह जाते. आपण पुन्हा ऐसपैस बसता.

कुणी म्हणेल, कॉलेजचा हट्ट कशाला, सार्वजनिक वाचनालयं आहेत की! आहेत. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. वाचनालयांनी अनुदानावर जगायचं. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान २०२२ च्या ६० टक्के वाढीने ३०,००० वरून ४८,००० रुपये झालं. त्यातला निम्मा पैसा सेवकावर खर्च केला, तरी महिन्याला २,००० रुपये हातात पडतात. एवढ्यावर कुणी एम.लिब. येत नाही, आणि येऊ नये. जी बाई संध्याकाळी तिथे कुलूप काढते, वर्तमानपत्रं लावते, मुलांना गोष्टीची पुस्तकं देते, तिला आमची पदवी कुणी शिकवत नाही. आमच्या पदवीला तिचं वाचनालय माहीत नाही. शास्त्र एकीकडे, वाचक दुसरीकडे. ज्ञानेश्वरीसारखंच मध्ये अर्धं ग्रंथालय.

अमेरिकेत लोक फार उतावळे. शिकागो विद्यापीठाने आपली नामवंत ग्रंथालय शाळा १९८९ मध्ये बंद केली. कोलंबियाने, म्हणजे ड्युईच्या मूळ गादीने, १९९२ मध्ये. त्यांच्या निर्णयावर तिकडे भरपूर टीका झाली. आपण भारतीय सहिष्णू. आपण शाळा बंद करत नाही, पद भरणं बंद करतो. मग पदवीधरांना काम काय, तर पीएच.डी. करून पुढच्या पदवीधरांना शिकवणं, तेही तासिका तत्त्वावर. विषय स्वतःच्याच पोटावर जगू लागला आहे. ज्या वाचकासाठी हे सगळं मांडलं, तो मामांना शोधतो आहे.

तेव्हा माझी विनंती दुहेरी. आपण उठणार असाल तर लवकर उठा. जाहिरात, मुलाखत, मान्यता या वाटेने मी येते. उठणार नसाल, तर आपल्या वतीने विद्यापीठांना एवढं कळवा, की पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बी.लिब., एम.लिब.च्या शुल्काशेजारी आणखी एक आकडा छापा : गेल्या वर्षी त्या विद्यापीठाच्या हद्दीत कायमस्वरूपी भरलेली ग्रंथपालांची पदं. शून्य असेल तर शून्य. मुलगी आकडा पाहील आणि प्रवेश घ्यायचा की नाही ते ठरवेल. माझ्या वेळी तो छापलेला नव्हता.

कळावे, लोभ आहेच. तो थोडा कमी झाला तरी चालेल.

आपली नम्र,
एक पात्र उमेदवार
(एम.लिब., नेट, सेट, पीएच.डी. चालू)

ता. क. : हे पत्र खुलं असल्याने इतरही वाचतील, त्यांच्यासाठी. आपल्या गावच्या अनुदानित कॉलेजात जा आणि ग्रंथपाल कोण आहेत ते विचारा. ‘प्रभारी’ असं उत्तर आलं, तर पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे आणि ते भरण्याचा प्रस्ताव कधी पाठवला, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.