अंशतः खरे आहे

मराठीत विनोदी वाङ्मय आटले, अशी तक्रार करणाऱ्यांनी विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी एकदा उघडून बघावी. शासन दर अधिवेशनात हे वाङ्मय फुकट छापते आणि ते वाचून कुणी हसल्याचे ऐकिवात नाही. एक नमुना देतो. यातले गाव, तालुका आणि पूल काल्पनिक आहेत. भाषा मात्र अस्सल सरकारी.

सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) मौजे अमुक, ता. तमुक येथील ओढ्यावर नव्याने बांधलेल्या पुलास पहिल्याच पावसात भगदाड पडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, सदर काम निकृष्ट दर्जाचे झाले व तरीही ठेकेदारास संपूर्ण देयक अदा करण्यात आले, हे खरे आहे काय;

(३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर : (१) अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) चौकशी प्रगतिपथावर आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

आता हे उत्तर चवीने वाचा. पहिल्या भागातले नेमके काय अंशतः खरे? गावकऱ्यांच्या मते भगदाड खरे आणि पूल खोटा. खात्याच्या मते पूल खरा आणि भगदाड तेवढे अफवा. दुसऱ्या भागाची कारागिरी तर बघण्यासारखी आहे. आमदारांनी ‘निकृष्ट’ आणि ‘संपूर्ण देयक’ या दोन गोष्टी एका ‘व’ने बांधल्या. ठेकेदाराचे शेवटचे पाच हजार रुपये द्यायचे राहिले असले की सगळे वाक्य खोटे ठरते आणि मंत्री खरे बोलून मोकळे होतात. दुसऱ्या भागात ‘खरे नाही’ हे ठरलेच असेल, तर तिसऱ्या भागातली चौकशी कशाची चालली आहे, हे विचारू नका. तो उपप्रश्न झाला, आणि उपप्रश्नाची वेळ बहुधा यायचीच नसते.

हे उत्तर जन्माला कसे येते, हा स्वतंत्र सोहळा आहे. तालुक्याच्या कचेरीत ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेतून प्रश्न आलाय, असे कुणी म्हटले की चहाचा कप अर्ध्यावर राहतो. मंत्रालयातून निघालेले पत्र मुख्य अभियंता, मंडळ, विभाग, उपविभाग अशा पायऱ्या उतरत येते. प्रत्येक पायरीवर त्यावर ‘अतितात्काळ’ असा शेरा पडतो आणि प्रत्येक साहेब खालच्याला ‘आजच्या आज’ असे बजावून आपल्या टेबलावरून ते हलवतो. शेवटी ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर, रात्री साडेनऊला, एका शाखा अभियंत्याच्या मोबाइलवर येऊन पडते. हा बिचारा कोण? त्या पुलाच्या कामावर देखरेख करणारा तोच. पूल निकृष्ट होता काय, या प्रश्नाचा पहिला मसुदा तो लिहितो. मग मसुदा चढू लागतो. खाली ‘मधला गाळा खचला’ असते. उपविभागात ते ‘पृष्ठभागास हानी’ होते, विभागात ‘किरकोळ हानी’, मंडळात ‘अतिवृष्टीमुळे किरकोळ हानी’. मंत्रालयातला कक्ष अधिकारी हा सगळा ऐवज तीन शब्दांत बसवतो. कुठल्याही टेबलावर कुणी खोटे लिहिलेले नसते. भगदाड मात्र मुंबईला पोहोचेपर्यंत बुजलेले असते. ओढ्यावर ते अजून बुजायचे आहे, पण तो वेगळ्या लेखाशीर्षाचा विषय.

प्रश्न सभागृहात पुकारला गेलाच, तर मंत्री उभे राहतात आणि उत्तर पटलावर ठेवतात. आमदार उपप्रश्न विचारतात. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी निघते, हातोहात पुढे सरकते, आणि ती पोहोचेपर्यंत मंत्री ‘सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनाला समजतात’ या वाक्यावर वेळ काढतात. चिठ्ठी आली की ‘तपासून घेऊ’, नाही आली तर ‘सकारात्मक विचार करू’. आणि आमदार फारच हट्टाला पेटले तर ठेवणीतला अस्त्रप्रयोग : ‘अधिवेशन संपण्यापूर्वी माझ्या दालनात बैठक लावतो.’ यावर आमदार समाधानाने खाली बसतात. सभागृहात बोललेले नोंदवले जाते, छापले जाते, दहा वर्षांनी काढून दाखवता येते. दालनात बोललेले चहाबरोबर संपते. प्रश्न नोंदीतून दालनात गेला की मंत्री सुटले आणि आमदारांना मतदारसंघासाठी रील मिळाली : पार्श्वसंगीत, सिंहाचे चित्र, खाली ‘भाऊंनी सरकारला धारेवर धरले’.

विरोधक गोंधळ घालून मंत्र्यांना सळो की पळो करतात, असा एक गोड गैरसमज आहे. प्रश्नोत्तरांचा पहिला तास गोंधळात वाहून गेला की सर्वांत निवांत झोप कुणाला लागते? ज्यांच्या खात्याचे प्रश्न त्या दिवशी होते, त्यांना. छापील उत्तर तर आधीच तयार असते. भीती असते ती उपप्रश्नाची. फलक फडकावून विरोधक त्यांची तेवढी भीती घालवतात. हे सामंजस्य ठरवून होते, असा आमचा आरोप नाही. इतके छान ठरवून जमत नाही.

२०२० च्या सप्टेंबरात दिल्लीने तर करोनाच्या नावाने संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच गाळला. लेखी उत्तरे तेवढी ठेवली. विषाणू तोंडी प्रश्नांतून पसरतो, कागदावर तो मरतो, असा काहीसा वैद्यकीय सल्ला असावा. आपल्याकडे मंत्रिमंडळाचे आरोग्य चांगले आहे. २०२५ च्या जुलैत आपल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत रमीचे पत्ते दिसले. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे. महिना संपता संपता त्यांच्याकडून कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. आम्ही उपहासाचे सदर लिहितो. अशा वेळी आम्हाला पोटावर पाय आल्यासारखे वाटते.

असो. पुलावर आमदार निदान बोलतात तरी. पैशावर कोण बोलते?

मार्च २०२५ मध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, ७ लाख २० कोटी रुपयांचा. वीस कोटींचा हिशेबही बारकाईने जमवलेला होता. चार महिनेही झाले नाहीत, तोच ३० जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, पुरवणी मागण्या आल्या : ५७ हजार ५०९ कोटी. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, निवडणूक दारात असताना, हा आकडा ९४ हजार ८८९ कोटी होता. घटनेत पुरवणी मागणीची सोय आहे ती अर्थसंकल्पात धरलेली रक्कम अपुरी पडली किंवा नवी गरज उभी राहिली तर. लाडक्या बहिणी निवडणुकीच्या तोंडावर अचानक भेटल्या, हे एकवेळ मान्य करू. पण दर अधिवेशनाला इतके अनपेक्षित घडत असेल, तर अपेक्षित तरी काय होते, हे अर्थखात्याने एकदा सांगावे. कॅगचे लेखापरीक्षक आपल्या अहवालांतून पुन्हा पुन्हा लिहितात की, मूळ तरतूदच पुरती खर्च झाली नसताना पुरवणी मागण्या घेतल्या गेल्या. अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटाकडे पटलावर येतो. तोवर आमदारांच्या बॅगा भरलेल्या असतात.

या रकमेविरुद्ध लोकप्रतिनिधीच्या हातात हत्यार कोणते? कपात सूचना. संसदीय प्रथेप्रमाणे तिचे दोन नामी प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी, असे म्हणायचे. एखाद्या गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधायचे असेल तर मागणीतून शंभर रुपये कापावेत, असे म्हणायचे. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये! तेही मंजूर होत नाहीत, कारण झाले तर सरकार पडल्यासारखे मानतात. एवढ्या मोलाचे शंभर रुपये रिझर्व्ह बँकेनेही कधी छापले नसतील. आणि चर्चेला वेळच उरला नाही, तर शेवटच्या दिवशी गिलोटिन : उरलेल्या सगळ्या मागण्या एका झटक्यात मताला. लोकसभेने १४ मार्च २०१८ रोजी केंद्राच्या सगळ्या मागण्या, सुमारे २४ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या, गोंधळात, चर्चेवाचून, साधारण अर्ध्या तासात निकाली काढल्या. तेवढ्या वेळात आमच्या गल्लीत भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीचा भावही ठरत नाही.

आता जुन्या काळाचे गोडवे गाण्याची आम्हाला सवय नाही, पण एक तुलना टाळता येत नाही. १८९२ च्या कायद्याने हिंदी सभासदांना कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा दिली ती अशी : आधी नोटीस द्या, एकदाच विचारा, मिळेल ते उत्तर घ्या. उपप्रश्न नाही. अर्थसंकल्पावर बोला, पण मत देऊ नका. उपप्रश्नाचा हक्क मिळायला १९०९ उजाडले, तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. अशा हात बांधलेल्या सभेत गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी उभे राहिले. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले आणि दुष्काळाने पिचलेल्या देशातली ही शिल्लक म्हणजे जादा कराची वसुली आहे, हे दाखवून दिले. मिठावरचा कर त्या वेळी मणाला अडीच रुपये होता. पुढच्या वर्षी तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांचे, असे कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे मत नव्हते, उपप्रश्न नव्हता, रील नव्हती. आकडे तेवढे पाठ होते.

आणि १९५७ चे मुंद्रा प्रकरण. राष्ट्रीयीकरणातून नुकत्याच उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाने कोलकात्याच्या हरिदास मुंद्रांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. १६ डिसेंबरला लोकसभेत यावर तुटून पडले ते फिरोज गांधी. काँग्रेसचे खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. आजच्या हिशेबाने बघितले तर घर आणि पक्ष या दोन्ही ठिकाणी त्यांनी तोंड बंद ठेवायला हवे होते. चौकशी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केली, मुंबईतच, उघड्या दाराने, लोक कान देऊन ऐकत असताना. आणि महिन्याच्या आत अहवाल दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावे लागले. ती चौकशी ‘प्रगतिपथावर’ राहिली नाही, कारण तेव्हा बहुधा त्या पथाचे टेंडर निघालेले नव्हते.

तेव्हा सगळे सत्ययुग होते असेही नाही. प्रश्नालाही बाजारभाव असतो, हे १९५१ मध्येच कळले होते. मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची वकिली केल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांच्यावर गदा आली. त्यांच्याविरुद्धचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यापुढे प्रश्नांसाठी पैसे घेणारे ११ खासदार एका दिवसात घरी गेले. आम्हाला त्यात एक आशा दिसते : प्रश्नाला किंमत आहे, असे तोवर कुणाला तरी वाटत होते.

महाराष्ट्रात सध्या ती आशाही पातळ आहे. २८८ च्या विधानसभेत संकेतानुसार विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारे २९ आमदार २०२४ च्या निवडणुकीनंतर एकाही विरोधी पक्षाकडे उरले नाहीत, आणि वर्ष उलटून गेले तरी ती खुर्ची रिकामी राहिली. सत्ताधारी बाके इतकी भरली की प्रश्न विचारायचे कामही पुष्कळदा त्यांनाच करावे लागते. ते विचारतातही. ‘या ऐतिहासिक निर्णयाबद्दल मंत्रिमहोदयांचे अभिनंदन करून मी विचारू इच्छितो...’ अशी सुरुवात झाली की समजावे, प्रश्न संपला.

आमदारांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. पुलाबद्दल आपण आमदाराला गाठतो, बदलीसाठी गाठतो, लग्नाची पत्रिका द्यायला गाठतो. पुरवणी मागण्यांचे पुस्तक तुम्ही उघडले होते का, हे आजवर कुणी विचारले आहे? ज्याबद्दल मतदार विचारत नाही, ते वाचायला लोकप्रतिनिधी काय म्हणून बसेल?

तेव्हा वाचकहो, पुढचे अधिवेशन मुंबईत असो की नागपुरात, पहिल्या दिवशी ते पुस्तक पटलावर येईलच. आठवडाभर थांबा. मग आपल्या आमदारांना फोन लावा, हालहवाल विचारा, रील छान झाली असे सांगा. आणि फोन ठेवण्याआधी एवढे विचारून घ्या की, भाऊ, यंदा तुम्ही कोणत्या मागणीवर कपात सूचना दिली? शंभर रुपयांची असली तरी चालेल.