वाटीभर विरजण

"विरजण आहे का हो काकू?" एवढंच विचारायला भिंतीशी गेले आणि कुकरच्या पाच शिट्ट्या होईपर्यंत तिथेच उभी राहिले. फ्रीगंजातल्या आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. वाट्या आणि बातम्या, दोन्ही तिच्यावरूनच जातात.

विषय निघाला टॅबलेटचा. मला आधी वाटलं, काकू बीपीच्या गोळीबद्दल बोलतायत.

"अहो, पाटीसारखा तो! सून नेते ना पहिलीच्या वर्गात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर धरला की दीक्षा ॲपवरचा धडा उघडतो. पण टॅबलेट एक आणि पोरं वर्गभर! ज्याच्या हातात तो खूश, बाकीचे एकमेकांच्या वेण्या ओढतात. ती म्हणते, मोजायला शिकवायचं तर चिंचोकेच बरे."

मला पटलं. निपुण भारत अभियानाला आपल्या मध्य प्रदेशात मिशन अंकुर म्हणतात. तिसरीपर्यंत पोराला वाचता-मोजता यावं, एवढंच त्यात मागितलंय. त्याला काच कशाला घासायची?

"पण घरातला टॅबलेट सोन्याचा झालाय," काकू म्हणाल्या.

त्यांच्या आठ वर्षांच्या नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे. कळतं सगळं, शब्द फुटत नाही. त्याच्या विशेष शाळेतल्या ताईंनी 'जेलो' नावाचं ॲप घालून दिलं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने केलेलं, फुकट. चेन्नईचं 'आवाज'ही आहे म्हणे, पण त्याला पैसे पडतात. जेलोत मधे चित्रं आणि कडेला सहा बटणं: आवडतं, नावडतं, हो, नाही, जास्त, कमी. चित्र दाबायचं, मग बटण, की अख्खं वाक्य बोलतं.

"शाळेत हिंदी, घरी मराठी. भाषा बदलता येते. मराठीतली बाई पुण्याची वाटते हो, आपल्यासारखं हिंदी मधे घालत नाही!"

"कार्टून बघत बसत असेल मग दिवसभर?"

"छे! त्यात कार्टून घालायचंच नाही, ताईंनी बजावलंय. परवा त्याने खोडी केली म्हणून माझ्या मुलाने टॅबलेट कपाटावर ठेवला, तर ताई केवढ्या चिडल्या! म्हणाल्या, बोलतं पोर खोडी करतं तेव्हा त्याचं तोंड बांधता का?"

मी गप्प. माझा हात तर आधी मोबाइल काढून घ्यायलाच जातो.

"आणि पहिलं काय बोलला?"

काकू पदराने हात पुसत राहिल्या. "मला वाटलं, आजी म्हणेल. वाकडं बोट तीनदा घसरलं. मग दाबलं दुधाचं चित्र, आणि कडेचं 'नावडतं'."

"अगं बाई!"

"रोज संध्याकाळी साय घालून पाजत होते हो मी. तोंड फिरवायचा, मला वाटायचं मानेचा त्रास." त्या आत गेल्या आणि काठोकाठ भरलेली वाटी भिंतीवर ठेवली. "घ्या, भरपूर आहे. त्याच्या वाटचं दूध आता दह्यालाच जातं."