घरचा हार्डडिस्कवाला

शेगावात एखाद्या घरचा लॅपटॉप कण्हू लागला की तो दुकानात जाण्याआधी घरच्या हार्डडिस्कवाल्याच्या ताब्यात जातो. हा बहुधा कुणाचा तरी भाचा असतो. १९८३ साली गावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून ही जमात फोफावली. तीतला प्रत्येक जण तिथे शिकलेला असतोच असे नाही. काहींचे शिक्षण तिथे शिकणाऱ्या मित्राच्या खोलीवर झालेले असते.

रोगी जुना, अडीच इंची डिस्कचा. पोटात लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, कुणाचा तरी अर्धवट प्रोजेक्ट. आतली चकती मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. हेड बिघडले की त्याला जागा सापडत नाही. ते शोधायला जाते, परत फिरते, पुन्हा जाते. त्याचाच टक-टक आवाज येतो. भाचा लॅपटॉपला कान लावतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो, “काई नाई मावशी, विंडोज नवीन टाकून देतो. डाटा कुठी जाते?”

डाटा जातो तो नेमका इथूनच. मरणाऱ्या डिस्कला कमीत कमी फिरवायचे असते. मशीन बंद करून ती बाहेर काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि धड डिस्कवर तिची सेक्टरवार नक्कल घ्यावी. आधी सहज वाचता येणारा भाग, हट्टी भाग शेवटी. जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम हेच करतो आणि कुठवर आलो याची नोंदही ठेवतो. फायली शोधायच्या त्या नकलेत. पण यात तासन्‌तास नुसते बसून राहावे लागते, आणि मावशीचे सारे घर भोवती उभे असताना नुसते बसणे भाच्याला शोभत नाही.

म्हणून तो विंडोजची चेकडिस्क लावतो. ती दुरुस्तीच्या नावाखाली आजारी डिस्कवरच लिहीत सुटते. मग डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली जाते. या उपायाची एके काळी बरीच चलती होती. बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरते, याची चर्चा होत नाही. अखेरीस स्क्रू निघतात. तोवर कचोऱ्या आलेल्या असतात. डाव्या हातात कचोरी, उजव्यात स्क्रूड्रायव्हर. ज्या फटीत धुळीचा कणही मावत नाही, तिथे पारीचा चुरा पडतो. तो फुंकून उडवायला गेले की थुंकीही पडते. हे झाकण एरवी फक्त धूळविरहित खोलीत उघडतात.

तरीही त्याचा शब्द चालतो, कारण त्याची सारी कीर्ती एका मेमरी कार्डावर उभी असते. कुणाच्या तरी मुंजीत कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट झाले होते. अशा वेळी बहुतेकदा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. त्याने फोटोरेक चालवला आणि फोटो निघाले. नावे मात्र गेली, नुसते आकडे उरले. मातृभोजनाच्या फोटोंत मागच्या वर्षीची सहल मिसळली. बटूच्या आईला त्याचे काहीच वाटले नाही.

नव्या लॅपटॉपांतल्या एसएसडीने त्याची पंचाईत केली आहे. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे कान लावून उपयोग नाही. शिवाय पुसलेल्या जागा साफ करणारी ट्रिम ही सोय चालू असेल तर पुसलेले बहुधा कायमचेच जाते.

उघडी डिस्क शेवटी अकोल्याला किंवा पुण्याला पाठवायचे ठरते. खर्चाचा आकडा फोनवर कळतो, घर थोडा वेळ गप्प होते. तेवढ्यात खामगावच्या आत्याच्या व्हॉट्सॲपमध्ये लग्नाचे चाळीसेक धुरकट फोटो सापडतात. ते मागवून घ्यायचे हे भाच्यानेच सुचवलेले असते. मावशी शेजारणीला सांगते, “भाच्यानं काढून देले बाई समदे.” डिस्कमधली चुंबके तोवर त्याच्या खिशात गेलेली असतात.