आमचा संघ अजून हरलेला नाही

"काबर नाना, तुमना संघ कसा से?"

"बरा से."

"खेळना का?"

"नई खेळना."

"मंग हारना बी नई?"

"नई."

"मंग तं भलताच भारी से!"

गेल्या रविवारच्या भरीत पार्टीतला हा संवाद. तुऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती, आम्ही धुरात डोळे चोळत बसलो होतो, आणि विचारणारे होते शेतमालक आप्पा. फुटबॉलमधलं आप्पांना एवढंच कळतं की चेंडूला हात लागला की शिट्टी वाजते. तरी मुंबई सिटी एफसीच्या यंदाच्या सुरुवातीचं इतकं अचूक विश्लेषण मी अजून कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही. जानेवारी २०२६ उजाडला. इंडियन सुपर लीगमध्ये आमची कामगिरी अशी : सामने शून्य, पराभव शून्य, खाल्लेले गोल शून्य, लाल कार्ड शून्य. बचावफळी एवढी भक्कम कधीच नव्हती.

(मध्ये गोव्यात सुपर कप झाला, त्यात उपांत्य फेरीत आम्ही गोव्याकडून हरलो. पण लग्न मोडलं म्हणून जेवणावळ थोडीच टाळतात, त्यातलाच तो प्रकार. मी तो धरत नाही.)

लीग का सुरू झाली नाही, हे आप्पांना समजावून सांगायला मला एक वांगं सोलून होईपर्यंतचा वेळ लागला. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० साली एका कंपनीशी १५ वर्षांचा करार केला. १५ वर्षांनी तो संपणार, हे १५ वर्षं सगळ्यांना माहीत होतं. ८ डिसेंबर २०२५ ही तारीख काही रात्रीतून उगवली नाही. तरी जुलैत कंपनी म्हणाली, पुढचं ठरत नाही तोवर लीग थांबवतो. मग कोर्ट, समिती, निविदा. नोव्हेंबरात निविदेची मुदत संपली तेव्हा पेटीत एकही अर्ज नव्हता. आप्पा म्हणाले, "आमच्या ग्रामपंचायतीच्या गटारीलाबी तीन टेंडरं येतात."

यावर भारतीय फुटबॉलच्या बाजूनं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी ठेचा मागितला.

आता थोडं माझ्या पायगुणाबद्दल. जळगाव-धुळ्याच्या माणसाला आपला म्हणावा असा व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही, त्यामुळे पाठिंबा उसनवारीचा. राज्याबाहेर जायचं नाही, एवढं एकच पथ्य मी पाळलं. सुरुवात महिंद्रा युनायटेडपासून केली. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, जीप कंपनीचा, म्हणजे खान्देशी रस्त्यांना साजेसा. २०१० ला कंपनीनं संघ मिटवला. मग मुंबई एफसी धरली. २०१७ ला तिची घसरण झाली आणि पुढे तिचं नावच ऐकू येईना. पुण्याकडे वळलो तर भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळून गेली, डीएसके शिवाजीयन्सनं दोन काढले. शेवटी एफसी पुणे सिटी, हृतिक रोशन भागीदार, म्हटलं हे तरी टिकेल. २०१९ ला तेही गुंडाळलं. मी पाठिंबा दिला की क्लबाचे संचालक शटरला ग्रीस लावायला घेतात.

म्हणून मुंबई सिटीला मी पाच वर्षं नुसतं लांबून पाहिलं. २०१४ चा जन्म, रणबीर कपूर मालकांत. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मला धीर आला. एवढ्या मोठ्या पेढीचं दुकान माझ्यामुळे बंद पडायचं नाही! १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला अंतिम सामना होता, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगनं एटीके मोहन बागानवर गोल मारला आणि एकाच हंगामात शील्ड आणि कप दोन्ही आपले झाले. त्या रात्री मी उघडपणे पाठीराखा झालो.

२६ डिसेंबर २०२५ ला सिटी ग्रुपनं हिस्सा सोडला. सहा वर्षं टिकले बिचारे.

खेळाडूंवर बोलायचं तर लालिअनझुआला छांगटेपासूनच सुरुवात करावी लागते. मिझोरामचा पोरगा, सात नंबर, आता कप्तान. २४ एप्रिल २०२४ ची रात्र मला विसरता येत नाही, कारण त्या रात्री मी झोपलो होतो. गोव्याविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला टप्पा, त्यांच्याच मैदानावर. ९० व्या मिनिटापर्यंत ०-२. मी मोबाइल उशीखाली सरकवला, देवाला चार शब्द ऐकवले आणि दिवा मालवला. तेवढ्यात छांगटेनं एक मारला, विक्रम प्रताप सिंगनं दुसरा, आणि जादा वेळात छांगटेनंच तिसरा. ३-२. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. तो गोव्याच्या बाजूनं होता, म्हणून विश्वास ठेवावा लागला. दीड आठवड्यानं कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्या घरात ३-१ हरवून कप आणला. तेव्हापासून आमच्या घरात नियमच आहे : मुंबई हरायला लागली की नानांना झोपायला पाठवायचं.

त्यानंतरच्या हंगामाची सुरुवात मात्र आमच्या स्वभावाला धरून झाली. १३ सप्टेंबर २०२४, पुन्हा कोलकाता, पुन्हा मोहन बागान. नवव्या मिनिटाला आमच्याच तिरीनं आमच्याच जाळ्यात चेंडू घातला. उत्तरार्धात त्याच तिरीनं मोहन बागानवर गोल केला. एकाच माणसानं दोन्ही घरचा आहेर केला. सीरियाहून आलेल्या थाएर क्रूमानं पहिल्याच सामन्यात, शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधून दिली, २-२. पुढे जमशेदपूरकडून २-३ आणि बंगळुरूशी ०-०. तीन सामन्यांत विजय नाही, तरी प्रशिक्षक पेत्र क्रात्की म्हणजे शांत माणूस. तो चेक आहे. चेक वटायला वेळ लागतो, ही कोटी आमच्या गल्लीत त्या महिन्यात रोज झाली.

तो शेवटपर्यंत पूर्ण वटला नाही. सहावा क्रमांक, आणि २९ मार्च २०२५ ला बंगळुरूत बाद फेरीत ०-५. पाचवा गोल होर्हे पेरेरा दियाझनं मारला. हा आमचाच जुना माणूस. आम्हाला दोन हंगाम गोल देऊन बंगळुरूला गेलेला, आणि जाताना सवय घेऊन गेलेला. त्यावर आमच्या क्लबानं काय केलं? त्यालाच परत आणलं. खान्देशात याला म्हणतात, ज्या बैलानं शिंग मारलं तोच बाजारातून घेऊन यायचा. मला हा व्यवहार पटला. निदान तो शिंगं कुठे मारतो हे तरी ठाऊक आहे.

बाकी माणसं गेली ती गेलीच. मधल्या फळीतला अपुइया २०२४ ला मोहन बागानला गेला. २०२५ ला बचावातला मेहताब सिंगही तिकडेच. बिपिन ईस्ट बंगालला. दरवर्षी एक मोहरा कोलकात्याला रवाना. आपल्या सुरत-भुसावळ गाडीत भुसावळला डबा रिकामा व्हावा, तसा आमचा संघ हावड्याच्या दिशेनं उतरत चाललाय. क्लबाला ही 'संक्रमणाची प्रक्रिया' वाटते. आम्हाला ती गळती वाटते, आणि गळती म्हणजे काय ते कौलारू घरात वाढलेल्याला शिकवायची गरज नाही.

माझे साडूभाऊ धुळ्याला, आग्रा रोडजवळ राहतात. ते मँचेस्टर युनायटेडचे. पंधराव्या क्रमांकानं मागचा हंगाम संपवला तरी आम्हाला गावठी म्हणायचं सोडत नाहीत. "तुमच्या क्लबात काय आहे? आमच्याकडे एन्ब्यूमो, कुन्या, सेश्को!" तिघांवर मिळून जवळपास २० कोटी पौंड. २७ ऑगस्ट २०२५ ला हा सगळा सरंजाम घेऊन युनायटेडवाले चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनकडे गेले आणि पेनल्टींवर ११-१२ असे हरले. शेवटची एन्ब्यूमोनं आडव्या दांडीवर हाणली. मी रात्रीच साडूंना फोन लावला. मेव्हणीबाईंनी उचलला. "त्यांना बरं नाही," म्हणाल्या. ऑक्टोबरात युनायटेडनं ॲनफिल्डवर लिव्हरपूलला हरवलं तेव्हा तब्येत सुधारली, नव्या वर्षात प्रशिक्षकाला काढलं तेव्हा पुन्हा बिघडली. फॉर्म खेळाडूंचा नसतो, साडूंच्या रक्तदाबाचा असतो.

तरी मला त्यांचा हेवा वाटतो. हरायला तरी मिळतं त्यांना.

कारण आमच्याकडचा खरा हिशोब असा : ऑगस्टमध्ये बंगळुरू क्लबानं खेळाडूंचे पगार थांबवले. २ जानेवारीला सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन ही मंडळी कॅमेऱ्यासमोर येऊन फिफाला विनवत होती, आम्हाला खेळू द्या. आणि मधल्या डिसेंबरात? मेस्सी आले होते. १४ तारखेला वानखेडेवर मुख्यमंत्री, तेंडुलकर, छेत्री, सगळे एका रांगेत. तेरा वर्षांखालची मुलं हुडकण्यासाठी 'महादेवा' प्रकल्पाची घोषणा झाली. प्रकल्प चांगला आहे, माझा टोमणा त्याला नाही. पण शोधलेलं पोर वाढून मोठं झाल्यावर खेळणार कुठे, त्याची लीग त्याच दिवशी त्याच देशात कुलपात होती, आणि किल्ली कोणाकडे आहे ते वानखेडेवर कोणी कोणाला विचारलं नाही. फोटो छान आले.

छांगटे २८ वर्षांचा आहे. बाजूनं पळणाऱ्या खेळाडूला ही वर्षं परत मिळत नाहीत. रावेर-सावद्याचा केळीवाला यावर एका वाक्यात बोलेल : घड कापल्यावर गाडी आली नाही तर व्यापारी भाव पाडत नाही, केळीच पाडते. सहा महिने सरावाच्या मैदानात पिकत पडलेल्या पोरांच्या फॉर्मवर मी काय बोलू? विक्रम प्रताप छांगटेहून लहान आहे, त्याला अजून वेळ आहे, एवढंच म्हणतो.

तर ६ जानेवारीला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं : लीग १४ फेब्रुवारीपासून. १४ संघ, प्रत्येकाशी एकदाच गाठ, एकूण ९१ सामने. घरी एक आणि बाहेर एक ही पद्धत यंदा नाही. व्हॅलेंटाइनचा मुहूर्त कोणी काढला ते समजलं नाही. आमच्या घरी त्या दिवशी मी काय पाहणार हे ऐकून सौ. म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत त्या दिवशी कुठे नेलं नाहीत, आता निमित्त तरी मिळालं." आणि फेब्रुवारीत सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यात शिरणार. भुसावळच्या मे महिन्यात डांबरसुद्धा जागा सोडतं, तिथे मी पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन पाहीन, पण बचावपटूंनी काय करायचं? पाणी पिण्याच्या सुट्टीत आमचा संघ गोल खातो, हा जुना अनुभव आहे.

वाट पाहण्याबद्दल मात्र खान्देशाला कोणी शिकवू नये. मनमाड-इंदूर रेल्वे धुळ्याहून जाणार, हे ऐकत आमच्या पिढीचे केस गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटींना मंजुरी दिली तेव्हा साडूंनी पेढे वाटले. ते पेढे खाऊन आता सव्वा वर्ष होऊन गेलं. पाच महिने उशिरा आलेल्या लीगला धुळेकर वेळेवर आली असंच म्हणतील.

घोषणा झाल्यावर मी दुसऱ्याच दिवशी फुले मार्केटला गेलो. जर्सी छापायला. छापणारा पोरगा ओळखीचा आहे, मला पाहून हसतो.

"नाना, मागच्या वेळी कोणाचं नाव टाकलं होतं?"

"मेहताब."

"ते गेले ना कोलकात्याला?"

"गेले."

"त्याच्या आधी?"

"अपुइया."

"आणि सगळ्यात पहिलं बिपिन, ते तर मीच छापलेलं." त्यानं मशीन बंद केलं. "या वेळी?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर छांगटे लिहिलं होतं, सात नंबर. त्यानं ती वाचली, घडी घातली आणि दुकानदार गिऱ्हाइकाला फाटकी नोट परत करतो तशी माझ्या हातात ठेवली.

"नाना, कप्तान आहे तो. राहू द्या. एक काम करा, समोरच्या संघातल्या कोणाचं तरी नाव टाका."

मी खुर्चीवर बसलो. गेल्या पंधरा वर्षांत मुंबई-पुण्यातल्या एकाही क्लब मालकाला, एकाही प्रशिक्षकाला जे सुचलं नाही, ते या विशीतल्या पोराला सुचलं होतं.

त्याच्याच पेनानं चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी मोहन बागानच्या मॅक्लारेनचं स्पेलिंग लिहून दिलं. दोन जर्सी सांगितल्या. एक साडूंना.